बोग्गुबाईला गेलेली माणसं : घरातल्या खाणकामगाराच्या आठवणी कशा नोंदवायच्या

माझी आजी आजोबांचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, "ते बोग्गुबाईला गेलते." लहानपणी मला ही बोग्गुबाई म्हणजे माहूरच्या रेणुकेसारखी कुणी देवी वाटायची, जिच्या दर्शनाला गेलेला माणूस आठ-आठ महिने परतत नाही. पुढे धर्माबादच्या बाजारात एका तेलुगू बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं शब्द फोडून सांगितला. बोग्गु म्हणजे कोळसा, बायी म्हणजे विहीर. तेलंगणात कोळशाच्या खाणीला कोळशाची विहीरच म्हणतात. आजोबा कुठल्या भागात होते हे आजीनं मला कितीदा तरी सांगितलं होतं, फक्त मला ते ऐकू आलं नव्हतं. तोवर आजी गेली होती.

तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असं एखादं माणूस असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी गेली काही वर्षं नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांत अशा आठवणी नोंदवते आहे. त्यातून जे जमलं आणि जे हातचं गेलं, ते इथे क्रमानं मांडते.

आधी हे समजून घ्या : कोळसा तिकडे, माणसं इकडची

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बसाल्ट आहे, त्यात कोळसा नसतो. कोळसा सापडतो तो गोंडवाना काळातल्या खडकांत, आणि ते खडक आपल्या पूर्वेला वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात आहेत. म्हणून "आमच्याकडं कुठं आल्या खाणी?" असं म्हणून लोक विषय संपवतात. पण १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद संस्थानात, नंतर राज्यात होते. तेलंगणातल्या येल्लंदूजवळ १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना कोळसा आढळला, १८८६ मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनीला खाणकामाचे हक्क मिळाले, १८८९ पासून उत्पादन सुरू झालं. डिसेंबर १९२० मध्ये सिंगरेणी कोलियरीज ही कंपनी उभी राहिली, १९४५ मध्ये निजाम सरकारनं तिचे बहुसंख्य शेअर घेतले. बिलोली किंवा देगलूरच्या माणसाला तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या खाणीला जाणं म्हणजे आपल्याच राज्यात रेल्वेचं तिकीट काढणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि माणसं एका राज्यात, त्यांची कागदपत्रं दुसऱ्या राज्यात अशी फाळणी झाली. आठवणी हरवण्याचं हे मोठं कारण आहे, आणि शोध घेताना ते सतत आडवं येतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. राजुरा तालुका पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेला. राजुऱ्याजवळ सास्तीचा कोळसा आहे. तेव्हा जवळपास तीन वर्षं कोळशाचा पट्टा कागदोपत्री मराठवाड्यात होता. कुणी म्हातारा "आमची खाण नांदेड जिल्ह्यात होती" म्हणाला तर त्याला चूक ठरवू नका. वर्ष विचारा.

पहिलं पाऊल : वस्तू हाताळण्याआधी फोटो

बोलणं सुरू करण्याआधी घरातल्या वस्तू पाहा. पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या मागे, माळ्यावर असतात. पितळी टोकन, सेफ्टी लॅम्पचा सांगाडा, कमरेच्या पट्ट्याचा बक्कल, जेवणाचा डबा, मनीऑर्डरच्या पावत्या, क्वार्टरसमोर काढलेला फोटो, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा एखादं नाणं ठेवा, आणि वस्तू कुठे ठेवलेली होती तेही लिहा. ऊन थेट पडू देऊ नका. खिडकीजवळची सावली चांगली.

टोकन घासू नका. आमच्या घरी आजोबांचं टोकन दिवाळीच्या साफसफाईत चिंच लावून लख्ख घासलं गेलं. खोल ठोकलेला नंबर राहिला, पण कडेची बारीक अक्षरं, जिथे खाणीचं नाव होतं, ती गेली. त्या अक्षरांवाचून मला पुढची चार वर्षं शोधाशोध करावी लागली.

टोकनचं महत्त्व लक्षात घ्या. खाणीत उतरताना कामगाराच्या नंबराचं टोकन वर राहायचं, तो बाहेर आल्यावर परत जागेवर जायचं. पाळी सुटल्यावर कुणाचं टोकन हललं नाही म्हणजे तो माणूस अजून खाली आहे. घरी आलेलं टोकन कसं आलं, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा असतो. काहींनी शेवटच्या दिवशी मागून आणलं, काहींच्या घरी ते दुसऱ्यानं आणून दिलं.

दुसरं पाऊल : कुणाला विचारायचं

खाणीत उतरलेली माणसं आता थोडी उरली आहेत. पण आठवण फक्त त्यांच्याकडे नसते. माझा अनुभव असा की घरची बाई जास्त सांगते. पुरुष कामाचं सांगतो, बाई पगाराचा वार, रेशनचं दुकान, शेजारणीची भाषा, कोळशानं काळे झालेले कपडे किती पाण्यात धुवावे लागायचे, हे सांगते. एका माउलीनं मला क्वार्टरच्या रांगा मोजून दाखवल्या, चुलीसमोर बसून राखेत रेघा ओढत. तो नकाशा पुढे जुन्या नकाशाशी जुळला.

एखादी आजी "मीबी खाली उतरत होते" म्हणाली तर खोडून काढू नका. ब्रिटिश हिंदुस्थानात बायकांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्यानं काढून १९३७ मध्ये पूर्ण बंदी झाली, महायुद्धात १९४३ मध्ये ती उठवली आणि १९४६ मध्ये परत लावली. त्याआधी जोडप्यानं काम चालायचं, नवरा कोळसा तोडायचा आणि बायको टोपलीनं वाहायची.

रेल्वेची माणसंही विसरू नका. पूर्णा हे मीटरगेजचं मोठं ठाणं होतं, इंजिनांचं शेड होतं. तिथल्या जुन्या फायरमनला कोळशाची जात हातावर कळायची, कोणता धगधगतो, कोणता नुसता धूर करतो. आणि परळीचं औष्णिक वीज केंद्र. १९७१ साली तिथं ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. वाघिणीतून कोळसा उतरवणारे, पट्ट्यावर राबणारे कामगार खाणीत गेले नाहीत, पण कोळसा त्यांच्याही छातीत गेला. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं. तो काळ परळीकरांना नीट आठवतो, आणि तेव्हाच्या आठवणी आत्ताच नोंदवल्या तर ताज्या मिळतील.

तिसरं पाऊल : बसायचं कसं, विचारायचं काय

पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको. चहा घ्या, कुणाची कोण ते सांगा. आपल्या भागात नातं लावल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. मामा म्हणा, माय म्हणा, चाचा म्हणा, पण "सर" म्हणू नका आणि म्हणवूनही घेऊ नका. दुसऱ्या भेटीत परवानगी विचारा, आणि ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजात घ्या : नाव, गाव, तारीख, "हे नोंदवायला माझी हरकत नाही". आवाज इतरांना ऐकवायचा की फक्त घरात ठेवायचा, हे वेगळं विचारा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

मोबाईल पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, खाली घडी केलेला टॉवेल ठेवा म्हणजे पलंगाचे धक्के येणार नाहीत, पंखा बंद करा, फोन त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. एक मिनिट नोंदवून ऐकून बघा, मगच पुढे जा. शेळी ओरडली, मिक्सर चालला तर थांबा. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. या माणसांना धाप लागते. धूळ अनेक वर्षं छातीत राहते, न्यूमोकोनिओसिस हा खाणकामाचा मान्य आजार आहे. हॉलेज (कोळशाचे डबे ओढणारं यंत्र) आणि सुरुंगाच्या आवाजानं अनेकांना कमी ऐकू येतं, तेव्हा समोर बसा, ओठ दिसू द्या.

"तुमच्या आठवणी सांगा" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. एक दिवस मागा. भोंगा किती वाजता व्हायचा? उठल्यावर काय खायचात? लॅम्प रूममध्ये रांग लागायची का? खाली डोलीनं जायचात की पायी? हा प्रश्न फार कामाचा आहे. डोली म्हणजे खाली-वर करणारा पिंजरा, तो असतो उभ्या विहिरीत, म्हणजे शाफ्टमध्ये; पायी म्हणजे तिरपा उतार, ज्याला सगळे इन्क्लाइन म्हणतात. कोणती खाण हे ओळखायला यानं निम्मी यादी गळते. पुढे : जोडीला कोण होतं, तो कोणत्या भाषेत बोलायचा? छत ठोकून पाहायचं ते कसं?

छताबद्दल जरूर विचारा. खाली कोळशाचे खांब सोडून मधला कोळसा काढतात, शेवटी तेही खांब काढत मागे सरकतात, आणि तेव्हा छत बसतं. काठीनं ठोकल्यावर घट्ट आवाज आला तर छत धरलेलं, पोकळ आला तर सुटलेलं. एका मामांनी मला तो फरक खाटेच्या पाटीवर आणि रिकाम्या डब्यावर ठोकून ऐकवला. माझ्याकडच्या सगळ्या नोंदींत ती सहा सेकंदं मला सर्वांत मोलाची वाटतात. अशी कृती दिसली की मध्ये बोलू नका, जमल्यास व्हिडिओ घ्या. सेफ्टी लॅम्पचंही तसंच. ज्योतीभोवती निळसर वलय दिसलं की गॅस आहे, हे ते हाताच्या बोटांनी दाखवतात.

अपघाताचा विषय तुम्ही काढू नका. तो येतो. आला की गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू ठेवायचं का ते हाताच्या खुणेनं विचारा. दोनदा मी ते बंद केलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

चौथं पाऊल : वर्ष कसं काढायचं

सन कुणाला आठवत नाही. पण पोलीस ॲक्शन आठवते, ती सप्टेंबर १९४८. बहात्तरचा दुष्काळ आठवतो, खडी फोडायची की खाणीला जायचं हे त्या साली घराघरात ठरलं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. "थोरल्याचं लग्न झालं तवा मी खाणीत होतो का परतलो होतो?" असं घरच्या गोष्टींशी जोडत विचारा आणि एका कागदावर आडवी रेघ ओढून त्यावर टिंबं देत जा. म्हातारी माणसं ती रेघ बघून स्वतःच दुरुस्त करतात.

निजामकाळातल्या कागदावर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष असतो. हैदराबादचं फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं. डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासूनची असेल तर ५९१. उदाहरणार्थ फसली १३५१ म्हणजे ऑक्टोबर १९४१ ते ऑक्टोबर १९४२. पगाराचा आकडा सांगितला तर हाली सिक्का (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजांचा रुपया) ते विचारा. साधारण सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. ते न विचारता आकडा लिहिला तर पुढे कुणालाच हिशेब लागत नाही.

पाचवं पाऊल : बुजलेली खाण ओळखणं

खाणीचं नाव घरात बदलून येतं. शिंगरेणी, बेलमपल्ली, "पाच नंबर", "साहेबाची खाण". नावाच्या मागे धावण्याआधी रेल्वे विचारा. गाडी डोर्नकलला बदलत असतील तर येल्लंदू किंवा कोत्तागुडेम. भद्राचलम रोड म्हणत असतील तर कोत्तागुडेमच, तिथल्या स्टेशनचं ते नाव होतं. काझीपेठहून बल्लारशाच्या बाजूला जात असतील तर रामगुंडम, मंचेरियाल, मंदमर्री, बेल्लमपल्ली यांपैकी काहीतरी. किनवट-माहूरकडून पैनगंगा ओलांडून गेले असतील तर वणीजवळचं राजूर किंवा घुग्गुस तपासा.

भाषेचाही माग लागतो. बोग्गु, बायी असे शब्द आले तर सिंगरेणीकडचा माणूस. खदान, कोयला, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी) असं बोलला तर चंद्रपूर-वणीचा. हा ठोकताळा आहे, दोन्हीकडे काम केलेली माणसंही मला भेटली आहेत.

मग नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर खाणी, खाणीकडे जाणारे रुळांचे फाटे आणि वस्त्या दिसतात. त्यावर आजचं उपग्रहचित्र ठेवून पाहा. बेल्लमपल्लीतल्या बहुतेक भूमिगत खाणी आता बंद आहेत, येल्लंदूकडे भूमिगत कामाची जागा उघड्या खाणींनी घेतली. सरळ रेषेत जाणारी आणि कुठेच न पोचणारी झाडांची ओळ म्हणजे बऱ्याचदा उखडलेला रूळ असतो. एकसारख्या छपरांच्या समांतर रांगा म्हणजे क्वार्टर. काही खाणी तर जिवंत आठवणीच्याही पलीकडे गेल्या, वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ सालीच बंद झाली. तिच्याबद्दल कुणी सांगत असेल तर ते ऐकलेलं सांगतोय, तसंच लिहा.

सहावं पाऊल : कागद

इथे धीर लागतो. एका कार्यालयात मला "बंद खाणीचं काही नसतं" असं सांगून दारातूनच परत पाठवलं. ते खरं नव्हतं. कोळसा खाण कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी १९४८ च्या कायद्यानं सुरू झाला, त्याचं मुख्य कार्यालय धनबादला आहे, नागपूरलाही कार्यालय आहे. निधीचा खाते नंबर मिळाला तर माणूस सापडतो. खाणीत प्रत्येक कामगाराची नोंद फॉर्म बी नावाच्या रजिस्टरमध्ये व्हायची : वडिलांचं नाव, गाव, वय, कामाचा प्रकार, अंगठा. चंद्रपूर-वणीकडच्या खाजगी खाणी १ मे १९७३ रोजी राष्ट्रीयीकरणात आल्या आणि पुढे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे गेल्या. म्हणून त्याआधीच्या मालकाचं नाव विचारून ठेवा, जुने कागद त्याच नावानं असतात. वेस्टर्न कोलफील्ड्सला माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सर्व माहिती द्या" लिहू नका. खाण, साधारण वर्षं, वडिलांचं नाव, गाव आणि टोकन नंबर लिहा. सिंगरेणी आधीच सरकारी असल्यानं तिकडची वाट वेगळी, कागद कंपनीकडे. निजामकाळातले सरकारी कागद हैदराबादला तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत, त्यांतले पुष्कळ उर्दू आणि फार्सीत. आपल्या गावात उर्दू वाचणारे जुने मौलवीसाहेब किंवा निवृत्त मास्तर असतात, त्यांना सोबत घ्या. मला त्यांच्याविना एक ओळही वाचता आली नसती.

कागद शोधताना एक गोष्ट जरूर तपासा. कामगाराची विधवा हयात असेल तर तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं का? १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना आणि १९९८ ची पेन्शन योजना या दोन्ही कोळसा कामगारांसाठी होत्या. माहिती नसल्यानं अर्जच न केलेल्या घरांत मी बसले आहे. तिथे आठवणींचं काम बाजूला ठेवून आधी अर्ज लिहायचा.

सातवं पाऊल : जागेवर जाताना

म्हाताऱ्या माणसाला सोबत नेता आलं तर न्या, जागेवर पाय ठेवला की आठवण येते. पण बंद इन्क्लाइनच्या तोंडातून एक पाऊलही आत टाकू नका. आत प्राणवायू संपलेली हवा साचते, तिला वास नसतो, माणूस बसल्या जागी कोसळतो. वरची जमीन खचते, भेगांतून ऊब किंवा धूर येत असेल तर खाली कोळसा पेटलेला आहे असं समजा. उघड्या खाणीतल्या तळ्याच्या कडा ढासळतात, लेकरांना जवळ जाऊ देऊ नका. कंपनीच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही, पण क्वार्टरची गल्ली, बाजार, दवाखाना, देऊळ, दर्गा पुष्कळ बोलतात. तिथल्या टपरीवर अर्धा तास बसा.

नोंद जपणं

ऐकलेलं लिहून काढताना बोली सुधारू नका. "गेलते"चं "गेले होते" करू नका. खोकल्याला थांबले तर [खोकला] लिहा. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांच्यासाठी दोन खुणा ठेवा. दोन भावांनी एकाच अपघाताची दोन वर्षं सांगितली तर दोन्ही लिहा, खाली कागदात काय आहे ते द्या. नाजूक गोष्टी निघतात : तिकडे केलेला दुसरा संसार, सावकाराचं कर्ज, कुणाला कुणाच्या मडक्यातलं पाणी मिळालं नाही ते. जातीचं आलं तर गाळू नका. मात्र नावं झाकायची का, हे सांगणाऱ्याला विचारून ठरवा.

फाईलला गाव, खाण, वर्ष असं नाव द्या. तीन प्रती ठेवा : एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, एक शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात. पेनड्राइव्ह एकटा पुरत नाही, तो एक उन्हाळा टिकेलच असं नाही. आणि घरच्यांना त्यांची प्रत नेऊन द्या. नुसती देऊन निघू नका. सगळ्यांना बसवून ऐकवा आणि त्या वेळी दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. मागच्या मृगात एका घरी मी अशीच प्रत लावली. मामांचा आवाज "आमची डोली" म्हणाला, आणि इतका वेळ दाराशी भाकरीचं पीठ मळत गप्प बसलेली त्यांची धाकटी बहीण म्हणाली, "डोली नव्हती ती. डोली नंतर आली. आधी बाबाला पायी उतरावं लागायचं, मी डबा घेऊन गेलते की."